परत घेतील म्हणून बसलो

आधी चहा संपवा बघू. नाही, खरंच संपवा. हा किस्सा घडताना आमच्या किसनबुवांच्या नाकात चहा गेला होता, आणि नंतर दोन दिवस त्यांचा आवाज बसला. तुमचं पाप मला नको.

फजिती माझी आहे, तेव्हा हसताना संकोच करू नका. मी काही लिहिणारा माणूस नाही. शाळेशी माझी ओळख लांबूनच. बसची पाटी वाचतो, तीसुद्धा बस चांगली थांबलेली असेल तर! हे मी सांगतोय आणि आमची नात ऋतुजा लिहून घेतेय. मधेच ती खिदळते, तिकडं लक्ष देऊ नका.

तर ही ऋतुजा. आम्ही निफाडच्या बाजूचे, घरची द्राक्षबाग. पोरगी नाशिकला शिकते. एक दिवस घरी आली ती नाचतच. म्हणाली, "तात्या, आम्ही फायनलला! टीव्हीवर!"

मला वाटलं खो-खो असेल. नाही म्हणे. प्रश्नांचा सामना. दोन विद्यापीठांची पोरं समोरासमोर बसवायची, मधे कोटवाला माणूस प्रश्न विचारणार, आणि ज्याला येईल त्यानं पुढ्यातलं बटण दाबून उत्तर द्यायचं. आमच्या पोरांपुढं वऱ्हाडाकडचा संघ. जो जिंकेल तो दिल्लीला जाणार.

दिल्ली! आमच्या घरातनं त्या दिशेला आजवर फक्त द्राक्षं गेलेली, माणूस कुणी नाही. पोरीनं वर्षभर त्यासाठी रात्रीचा दिवस केलेला. जेवताना पुस्तक, झोपताना पुस्तक. तिची आजी तर म्हणायची, "हिच्या सासरी पुस्तकालाच ताट वाढा."

घरातल्या एकालाच पास मिळणार होता. पोरीचा बाप म्हणजे आमचा सुरेश, त्याचा माल तोडणीला आलेला. तो कसला हलतोय! तिची आई मजुरांच्या मागं. मग ऋतुजाच म्हणाली, "मी तात्यांनाच नेते. ते एका जागी शांत बसतात."

हे वाक्य लक्षात ठेवा बरं का. शांत बसतात!

आता माझी एक सवय सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या गावच्या भजनी मंडळात मी पहिल्यापासून आहे. गळा नाही मला. पेटी येत नाही. पण पाठांतर पक्कं. किसनबुवा गातात आणि मी त्यांच्या बरोबर पाठीमागं टाळ घेऊन बसतो. बुवांचं वय झालं. गाता गाता अडतात. अडले की मागून लगेच पुढची ओळ द्यायची, हे माझं काम. समोरच्या माणसाला कळतासुद्धा कामा नये की बुवा अडले होते. आता इतक्या वर्षांत असं झालंय की, कुणी बोलता बोलता थांबलं की माझं तोंड आपोआप उघडतं. आमच्या गावात पुढारी भाषणात अडकला, तरी मी ओळ देतो.

म्हणजे बघा, काय माणूस नेला पोरीनं सोबत!

सामना नाशकातच होता, गंगापूर रोडच्या एका हॉलात. मी धोतर, टोपी, नवं उपरणं असा तयार होऊन गेलो. आत बघतो तर काय, इतके दिवे, इतके दिवे, की बेदाणे वाळत घातले असते तर संध्याकाळपर्यंत झाले असते! पोरं वर स्टेजवर. ऋतुजा मधल्या खुर्चीत. मला खाली दुसऱ्या रांगेत बसवलं. शेजारी एक माझ्याच वयाचे गृहस्थ, अंगात पांढरा सदरा, मांडीवर पिशवी.

"राम राम," मी म्हणालो.

"राम राम बुवा. तुमचं कोन हाये वरतं?"

"नात. ती मधली, निळ्या ओढणीवाली."

"माहा नातू त्या बाजूनं. चष्मेवाला. अभ्यासाचा लय किडा हाये पोट्टा. घरी सांगतलं तं ऐकत नाई, इथं मातर सारं सांगते."

म्हणजे ते समोरच्या संघाचे! नाव नामदेवराव. माणूस एकदम मोकळा. पिशवीतनं त्यांनी मला शेंगदाण्याचा लाडू दिला. आता सांगा, अशा माणसाशी सामना कसा खेळायचा?

तेवढ्यात कानात काहीतरी खुपसलेल्या एक बाई पुढं आल्या. म्हणाल्या, "मंडळी, मी हात वर केला की टाळ्या. हात खाली, टाळ्या बंद. आणि प्रेक्षकांतून कुणी उत्तर सांगितलं, तर तो प्रश्न बाद धरला जाईल. प्लीज!"

मी नामदेवरावांकडं बघून हसलो. म्हटलं, आपल्याला काय भीती? उत्तर सांगायला आधी यायला नको का!

मग बाईंनी हात वर केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण कशाबद्दल? अजून कुणी काही बोललंच नव्हतं. मग बाई म्हणाल्या, "आता सगळे हसा." सगळे हसले! मी इकडं तिकडं बघतोय, कोण पडलं, कुणाचं काय सुटलं? काही नाही. एक कॅमेरावाला माझ्यासमोर येऊन म्हणतो, "आजोबा, हसा ना." अरे, पण कशाला?

"हासून टाका," नामदेवराव म्हणाले. "पाहुन्याच्या घरी काहून इचारू नाई."

हसून टाकलं.

मग सुरू झालं. कोटवाले साहेब आले. काय ते बोलणं! श्वास कुठं घेतात तेच कळेना, अडण्याचं तर नावच नाही. मनात म्हटलं, यांच्यामागं मला कामच नाही. प्रश्नावर प्रश्न. मला प्रश्न कळत नव्हता, उत्तर कळत नव्हतं, फक्त बाईंचा हात कळत होता. वर गेला की वाजवायच्या. आमच्या पोरांचे मार्क, त्यांच्या पोरांचे मार्क, मागच्या काचेवर आकडे पळत होते. कधी आम्ही पुढं, कधी ते. मी नामदेवरावांकडं बघायचो, ते माझ्याकडं.

शेवटी शेवटी ते लोक पुढं गेले आणि आमची पोरं मागं राहिली. साहेब म्हणाले, "ऋतुजा, हा प्रश्न बरोबर आला, तर दोन्ही संघ बरोबरीत. नाहीतर सामना इथंच संपला."

"असा कोणता ग्रह आहे, ज्याचा एक दिवस त्याच्या एका वर्षापेक्षा मोठा असतो?"

आता मला सांगा, दिवस वर्षापेक्षा मोठा कसा असेल? तोडणीच्या हंगामात तसं वाटतं, ते वेगळं. पण पोरगी थांबली नाही, अडखळली नाही. बटण दाबलं आणि म्हणाली, "शुक्र."

"बरो…" साहेबांनी तोंड उघडलं.

आणि काय झालं मला, देव जाणे. किसनबुवांनी लांबलचक तान नीट उतरवली की मी नेहमी करतो तेच केलं. उभा राहिलो, दोन्ही हात वर केले आणि जोरात आरोळी ठोकली, "बोला, सप्तशृंगी माता की…"

"जय!"

सगळ्या हॉलानं दिली हो! पुढच्या रांगेनं दिली, मागच्या रांगेनं दिली, कॅमेऱ्यामागच्या माणसानं दिली. नामदेवरावांनी तर सगळ्यांत मोठ्यानं दिली. आणि खोटं सांगत नाही, त्या कोटवाल्या साहेबांच्याही तोंडातनं 'जय' निघून गेलं. नाशिकचाच माणूस असणार, दुसरं काय!

छताकडनं एक आवाज आला, "कट! कट!"

मी वर बघितलं. कुणी दिसेना. माणूस नाही, काही नाही, नुसता आवाज. मी टोपी नीट केली आणि गपकन खाली बसलो.

कानात खुपसलेल्या त्या बाई धावत आल्या. "आजोबा, जयघोष नाही हं! सरांचं 'बरोबर उत्तर' ऐकूच आलं नाही. प्लीज शांत बसा." मग त्या स्टेजवर गेल्या, ऋतुजाच्या कानात काही बोलल्या, साहेबांशी काही बोलल्या. पोरीनं मान हलवली. काय बोलल्या ते आम्हाला खाली कसं कळणार?

आणि साहेबांनी कोट झटकला, तोच चेहरा केला, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला! "ऋतुजा, हा प्रश्न बरोबर आला, तर दोन्ही संघ बरोबरीत. असा कोणता ग्रह आहे…"

मला वाटलं, माझ्या आरोळीपायी पोरीचं उत्तर बाद केलं. आता तिची परीक्षा पहिल्यापासून!

बरं, मघाशी जी पोरगी फटदिशी बोलली होती, ती आता बोलेना. कपाळाला आठ्या. हनुवटीला बोट. वर बघते, खाली बघते. ओठ दाबते.

नामदेवराव कुजबुजले, "इसरली वाट्टे."

"नाय हो, आत्ताच तर बोलली ती."

"लायटानं होते तसं. डोकं तापते मानसाचं."

माझी काय अवस्था झाली असेल! आयुष्यात पहिल्यांदा, अगदी पहिल्यांदा, एखाद्या शिकलेल्या माणसाच्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. आणि पोरगी अडली होती. माझ्या डोळ्यांसमोर अडली होती. आणि मी बरोबर समोर बसलेलो! उपरणं तोंडात कोंबायच्या आत तोंड उघडलं.

"शुक्र! अगं शुक्र! शुक्राची चांदणी!"

भजनाचा आवाज तो. चार टाळ आणि पखवाज यांच्यावरून जायची सवय असलेला. अख्ख्या हॉलात घुमला.

"कट!" वरनं आला.

आणि मग मला आठवलं, प्रेक्षकांतून उत्तर आलं तर प्रश्न बाद! झालं. दिल्ली गेली. वर्षाचा अभ्यास गेला. कुणापायी? शांत बसणाऱ्या आजोबांपायी! वर ऋतुजा टेबलावर डोकं ठेवून थरथरत होती. मला वाटलं रडतेय. (आत्ता ती लिहिता लिहिता सांगतेय की हसत होते म्हणून. पण तेव्हा मला काय ठाऊक?)

मी वाट बघतोय, आता मला बाहेर काढतील. तर नाही! साहेबांनी परत कोट झटकला आणि तिसऱ्यांदा तोच प्रश्न! त्याच आवाजात. जणू आयुष्यात पहिल्यांदाच विचारतायत. आणि आमची पोरगी परत हनुवटीला बोट लावून बसलेली.

आता मात्र मला काहीच कळेना. अहो, उत्तर एकदा तिनं सांगितलं, एकदा मी सांगितलं. अजून किती सांगायचं? या लोकांना ऐकू येत नाही की काय?

इकडं नामदेवराव तापले. "हे बरं हाये बाप्पा! तुमच्या नातीले तीन-तीन डाव तोच सवाल, अन् आमच्या पोट्ट्याले एक डाव बी नाई? हा कोनता न्याव?"

मी विचार केला. आणि मला त्यांचं पटलं. खरंच पटलं! लाडू खाल्ला होता म्हणून नाही. पण एका पोरीला तीनदा विचारायचं आणि दुसऱ्या पोराला एकदाही नाही, हे आमच्या गावच्या जत्रेतही कुणी चालवून घेणार नाही.

मी उभा राहिलो. टोपी काढून हातात घेतली. म्हणालो, "साहेब, राग मानू नका. पोरगी माझी नात हाय. पण हे काय बरोबर नाय. तिला आता पुरे करा. त्या चष्मेवाल्या पोराला बी इचारा."

"कट!"

आता हॉलात हसण्याचा जो काही पूर आला म्हणता! बाईंनी हात वर केलेला नव्हता, तरी टाळ्या. कॅमेरावाला पोट धरून खाली बसला. शेवटी कोटवाले साहेब स्वतः खाली उतरून माझ्यापाशी आले. माणूस सज्जन. खांद्यावर हात ठेवून हळूहळू, मला कळेल असं बोलले.

"आजोबा, तिचं उत्तर पहिल्यांदाच बरोबर आलं. मार्क तिला तेव्हाच मिळाले. ते कुठं जात नाहीत. आवाज नीट आला नाही, म्हणून आम्ही ते नुसतं परत घेतोय. आता ती विचार करायचं नाटक करतेय. आम्हीच सांगितलंय तिला."

"नाटक?"

"हो. टीव्हीत असंच असतं. काही चुकलं, की आम्ही परत घेतो."

"आणि ते बघणाऱ्याला कळत नाय?"

"अजिबात नाही."

अहो, काय सांगू, माझ्या डोक्यावरचं ओझंच उतरलं. चुकलं की परत घेतात! किती चांगली रीत! आमच्या बागेत छाटणीला वेलीचा एक डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, चुकीचा कापला तर तो वर्षभर वाकुल्या दाखवतो. इथं नुसतं 'कट' म्हणायचं, कोट झटकायचा आणि पहिल्यापासून! मी नामदेवरावांनाही समजावलं. ते म्हणाले, "मंग आपल्या जमान्यात काहून नव्हता हा टीव्ही? म्या लगन परत घेतलं असतं."

चौथ्यांदा प्रश्न झाला. पोरीनं बोट लावलं, आठ्या घातल्या, "शुक्र" म्हणाली. साहेब म्हणाले, "बरोबर उत्तर!" बाईंचा हात वर. मी शहाण्यासारख्या टाळ्या वाजवल्या. सगळं सुरळीत.

दोन्ही संघ बरोबरीत. आता शेवटचा प्रश्न. जो सांगेल तो दिल्लीला.

साहेबांनी आवाज खाली आणला. "जगात असा एक समुद्र आहे, ज्याला कुठल्याच बाजूनं जमिनीचा किनारा नाही. त्या समुद्राचं नाव काय?"

टर्रर्र! बटण वाजलं. आमच्या ऋतुजाचं!

मी छाती पुढं काढून बसलो. नामदेवरावांचा हात त्यांच्या पिशवीवर घट्ट.

आणि ऋतुजा थांबली.

कपाळाला आठ्या. हनुवटीला बोट. वर बघते, खाली बघते. ओठ दाबते.

मी गालातल्या गालात हसलो. आता मी काय पूर्वीचा राहिलो होतो? आता मला सगळं आतलं कळत होतं! नामदेवरावांना कोपरानं डिवचलं आणि कानात म्हणालो, "नाटक हाय. येतंय तिला."

"हो का?"

"म्हंजी काय! त्या बाईनं सांगितलं असंल. बघा कशी करती. ते बोट बघा, बोट!"

पोरीनं माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत कसला भाव होता म्हणता! घाबरलेला. मी मनात म्हटलं, वा! काय अभिनय! मी तिला मान हलवून दाद दिली. किसनबुवांना देतो तशी. वरनं अंगठाही दाखवला.

साहेब म्हणाले, "ऋतुजा, वेळ संपत आली."

ती काहीतरी बोलली. कसलं तरी समुद्राचं नाव. साहेबांनी हळूच मान हलवली. "नाही. चुकीचं उत्तर." मग त्या चष्मेवाल्या पोराकडं वळले. त्यानं चष्मा वर सारला आणि म्हणाला, "सारगासो समुद्र."

"बरोबर!"

मागं भोंगे वाजले, वरनं चमकीचे कागद पडायला लागले. ते पोरगं स्टेजवर उड्या मारतंय. नामदेवराव उठून उभे, डोळ्यांना धारा लागलेल्या. त्यांनी मला कडकडून मिठी मारली. आणि मी? मला एवढा आनंद झाला त्यांच्या आनंदाचा! म्हटलं, बिचाऱ्याला जरा वेळ सुख मिळतंय, मिळू दे. आता 'कट' होईल, कागद झाडतील, आणि आमची पोरगी बरोबर सांगेल. तोवर माझं काय जातंय? मी टाळ्या वाजवल्या. जोरजोरात, तोंडभर हसत. मग वाटलं, आता परतच घ्यायचंय, तर एक होऊन जाऊ दे! दोन्ही हात वर केले.

"बोला, सप्तशृंगी माता की…"

"जय!"

यावेळी वरनं आवाज आला नाही. मी थोडा थांबलो. म्हटलं, विसरला असेल.

त्या पोरांना मोठा चकचकीत करंडक दिला. फोटो काढले. मी बसून. लोक उठले, निघाले. मी बसून. अर्धे दिवे गेले. एक जण वायर गुंडाळत गुंडाळत माझ्या पायापर्यंत आला आणि म्हणाला, "बाबा, पाय वर घ्या." मी घेतले. बसूनच.

नामदेवराव नातवाला घेऊन निरोप द्यायला आले. "येतो बुवा. वऱ्हाडात आले तं घरी या."

"अहो, चाललात कुठं? बसा की! अजून परत घ्यायचंय."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग नातवाकडं. पिशवीतला शेवटचा लाडू माझ्या हातावर ठेवला आणि गेले. भला माणूस.

मग ऋतुजा आली. ओढणी एका खांद्यावर गोळा केलेली. म्हणाली, "चला तात्या."

"चला? आणि तुझं ते शेवटचं? समुद्राचं?"

"त्याचं काय?"

"चुकलं नाय का ते? परत घेणार ना? मी तुझ्यासाठी लाडू ठेवलाय, ते झालं की खा."

पोरगी शेजारच्या खुर्चीत बसली. तेव्हा मला दिसलं की तिचे डोळे लाल होते.

"तात्या," ती म्हणाली, "तुम्हाला वाटलं मी नाटक करत होते?"

"म्हंजे? नव्हतीस?"

"मला नाव आठवतच नव्हतं! जिभेवर होतं, येत नव्हतं. मी तुमच्याकडं बघितलं, तर तुम्ही अंगठा दाखवत होता!"

मी मुकाट्यानं लाडू तिच्यापुढं धरला. तिनं तो घेतला, एक घास खाल्ला, आणि एकदम फुटली. आधी मला वाटलं रडतेय. मग वाटलं हसतेय. दोन्ही चाललं होतं बहुतेक. त्या रिकाम्या हॉलात आम्ही दोघं आणि तो वायरवाला. त्यानं तिला पाणी आणून दिलं.

बसमध्ये निफाडपर्यंत ती माझ्या खांद्याला टेकून बसली होती. मधेच म्हणाली, "जिथं ओळ द्यायची नव्हती, तिथं दिलीत. आणि जिथं…" पुढचं बोललीच नाही. मी ओळ देणार होतो, पण या वेळी तोंड दाबून धरलं.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण तो कार्यक्रम पुढं टीव्हीवर लागला! सगळं भजनी मंडळ आमच्या ओसरीत. माझी आरोळी कापलेली, 'शुक्राची चांदणी' कापलेली, न्यायाची गोष्ट कापलेली. मी खूश. म्हटलं, वाचलो. आणि शेवटी बघतो तर काय! पोरगी हरली, पडद्यावर चमकीचे कागद पडतायत, आणि मधोमध माझा चेहरा. केवढा मोठा! प्रत्येक सुरकुती मोजून घ्या. बत्तीशी नाही, पण उरलेले सगळे दात बाहेर. टाळ्या वाजवतोय, नामदेवरावांना मिठी मारतोय.

किसनबुवांनी हातातला कप खाली ठेवला.

"तात्या," किसनबुवा हळूच म्हणाले, "तुम्ही नक्की कोणाच्या बाजूनं गेला होता?"

सुरेशनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी दोन दिवस बागेत गेलो नाही.

पण ऐका, खरा घाव तर पुढंच आहे. आठवड्यानं कळलं की कार्यक्रम पुन्हा दाखवणार आहेत. मी मनाशी ठरवलं. या वेळी ओळ द्यायचीच! टीव्हीतली पोरगी ऐको न ऐको. ऋतुजाकडनं ते समुद्राचं नाव घेतलं आणि घोकायला लागलो. गाईला वैरण टाकताना घोकलं, आंघोळीला घोकलं. ऋतुजाची आजी म्हणाली, "देवाचं नाव घ्या की जरा." मी म्हटलं, "हे झाल्यावर."

दिवस आला. पुन्हा सगळं मंडळ ओसरीत. ऋतुजा सुट्टीला आलेली, आत दुसऱ्यांदा चहा टाकत होती. शेवटचा प्रश्न आला. टर्रर्र वाजलं. पडद्यावरची ऋतुजा थांबली. आठ्या. हनुवटीला बोट. अख्खी ओसरी माझ्याकडं वळली. बुवा म्हणाले, "हं तात्या, द्या!"

मी छाती भरून श्वास घेतला. तोंड उघडलं.

आणि काही आलं नाही.

नाव नाही, समुद्र नाही, पाण्याचा थेंब नाही! आयुष्यभर दुसऱ्याला ओळ देणारा माणूस, भर ओसरीत आ वासून बसलेला. मी वर बघतोय, खाली बघतोय. कपाळाला आठ्या. खोटं कशाला सांगू, हनुवटीला बोटसुद्धा गेलं!

आणि तेवढ्यात आतून, चहाच्या वाफेतनं, शांत आवाज आला.

"सारगासो, तात्या. सारगासो."

बुवांच्या नाकात चहा गेला तो तेव्हा.

आणि आता तुम्हाला वाटत असेल, तेव्हा आठवलं नाही, पण आता तरी तात्यांचं पाठ झालं असेल. नाही हो! वर ते नाव जिथं जिथं नीट लिहिलेलं दिसलं ना, तिथं तिथं मी अडलो होतो. लिहिणारीनंच ओळ दिलीय.